कुणाचाच नसलेला नंबर वाजला

माझ्या जिभेमुळे घरात मला कात्री म्हणतात. मी शिवणकाम करते म्हणून म्हणतात, असं नव्या माणसाला सांगते, पण खरं कारण पहिलंच. पुढे कुठे जास्त कापलं गेलं तर आत्ताच माफी मागून ठेवते, म्हणजे मग मोकळेपणाने कापता येतं.

सांगायचंय ते माझ्या थोरल्या जावेबद्दल. जावेचं नाव काढलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात, आता काहीतरी चमचमीत निघणार म्हणून. तसलं काही नाही. आम्ही दोघी सख्ख्या भावांच्या बायका, एका घरात, एका स्वयंपाकघरात नांदतोय आणि अजून एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या नाहीत. मी तिला ताई म्हणते, ती मला 'कात्रे' अशी हाक मारते. अंगाने बारीक, मानेने ताठ, हातात पुरुषी घड्याळ. ऑफिसात तिला घड्याळबाई म्हणायचे. तिला ते आवडायचं, पण आवडतं असं ती कधी दाखवायची नाही.

ताई फोनच्या कंपनीत होती. इंटरनेटवरून फोन लागतात, तसल्या. ती तिथे नेमकं काय करते हे मला लग्नानंतर बरेच दिवस कळलं नव्हतं. कुणी विचारलं की 'कॉम्प्युटरवर असते' म्हणून मी वेळ मारून न्यायचे. एकदा कांदा चिरता चिरता तिने मला समजावलं. आपण नंबर दाबतो आणि तिकडून 'हॅलो' येतं, या दोन्हींच्या मध्ये यंत्रांचं आपापसांत बोलणं होतं. आपलं यंत्र सांगतं, अमक्याला बोलवा. मधलं सांगतं, थांबा, बघतो. मग पलीकडून निरोप येतो, वाजतंय. त्यानंतर दुसरा, उचलला. हे सगळं पापणी लवायच्या आत चालतं, आणि कुठला निरोप कुठे किती रेंगाळला हे सेकंदाचे हजार तुकडे करून मोजायचं, हे ताईचं काम. मी म्हटलं, एवढ्याशा वेळाने कुणाचं काय बिघडतंय? तर ती म्हणाली, नंबर दाबल्यावर कानात नुसती शांतता असली ना, की माणूस घाबरतो. त्याला वाटतं पलीकडे कुणीच नाही, आणि तो फोन ठेवून देतो. रिंग ऐकू आली की मग कितीही वेळ थांबतो.

हे तिचं वाक्य मी विसरलेली नाही.

आता तिचा भाऊ. ताईला आईवडील आठवतच नाहीत. भाऊनेच तिला वाढवलं. तो तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, पत्र्याचं काम करतो. पाण्याच्या टाक्या, धुराडी, डबे, जे सांगाल ते ठोकून देतो. तिच्या वेण्या त्यानेच घातल्या, शाळेत पालक म्हणून तोच जायचा आणि बाईंनी तक्रार केली की तोच मान खाली घालून ऐकून घ्यायचा. लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, बहिणीपायी राहिलं. तो म्हणायचा, आवाजापायी राहिलं, दिवसभर हातोडा चालतो त्या घरात कोण बाई टिकेल? त्याचं गाव आमच्याकडून एक अख्खा दिवस आणि वर थोडा प्रवास. दुकानाच्या मागेच दोन खोल्या आणि दुकानात तारेचा जुना फोन. मोबाइल घेतला नाही. खिशात वाजणारी वस्तू नको, म्हणायचा.

ताईच्या मनात होतं की त्याने आता इकडे येऊन राहावं. आमच्या कुणाची ना नव्हती, मागची खोली रिकामीच होती. पण तो काही ना काही निमित्त काढायचा. दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, पुढच्या वर्षी बघू. एका रविवारी फोनवर दोघांची जुंपली. मी शेजारच्या खोलीत काजं करत होते, सगळं ऐकलं. ताई म्हणाली, तुला माझ्यापेक्षा तो पत्रा प्यारा आहे. तो काहीतरी म्हणाला. मग ही म्हणाली, "राहा मग तिथेच. मला फोन करू नकोस. मला वाटेल तेव्हा मीच करीन." आणि आपटला फोन. आपलेच दात आपलेच ओठ, त्यातलाच प्रकार. दोन दिवसांत निवळलं असतं.

तो का येत नव्हता, हे आत्ताच सांगून टाकते. गोष्टीत लपवाछपवी मला खपत नाही, ती या प्रकरणात दुसऱ्यांनी पोटभर केलेली आहे. त्याचे कान चालले होते. आयुष्यभर पत्रा ठोकून ठोकून आतून झिजले होते. डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, वर्षभर ओढेल, मग काही खरं नाही. बहिणीच्या घरी बहिरा होऊन पडायचं नाही, म्हणून तो येत नव्हता. आणि हेही तिला सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. दोघं एकाच मातीची.

ताईचा राग आठवडाभर टिकला. पुढच्या रविवारी तिने फोन लावला. आमच्या पॅसेजमध्ये टेबलावर कंपनीने दिलेला फोन होता, इंटरनेटवरचा, आपल्या माणसांना घरी वापरायला दिलेला. ताई दुसऱ्या फोनला हातच लावायची नाही. हलवायाने दुसऱ्याच्या दुकानातून मिठाई आणावी का, असा तिचा तोरा. तर रिंग गेली. वाजत राहिली. कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा.

मी म्हटलं, बाहेर गेला असेल. ताई म्हणाली, रोज याच वेळेला बाहेर? महिन्याभराने मी म्हटलं, माझ्या मोबाइलवरून लावून बघ की. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी मला शिवण शिकवायला निघालेल्या गिऱ्हाइकाकडे बघते. म्हणाली, अगं, कुठूनही लाव, वाजायचं तिकडेच ना? आणि तिने नुसतं ऐकलं नव्हतं. ऑफिसात जाऊन तिने स्वतःच्या फोनचे निरोप काढून तपासले होते. बोलवा, गेला. थांबा, आला. वाजतंय, आला, वेळेत आला. तिच्या लेखी विषय संपला. भाऊच्या टेबलावर फोन वाजतोय, तो समोर बसलाय आणि उचलत नाहीये. तिच्या जागी मी असते तर मला संशय तरी आला असता, कारण मला त्यातलं काही कळत नाही. तिला कळत होतं, तेच तिला नडलं.

त्यात मावसबहिणीने भर घातली. ती भाऊच्या गावावरून जाऊन आली आणि म्हणाली, "तो म्हणतो, तिचा एकही फोन आला नाही. मी वाट बघतोय." ताईचा चेहरा मी पाहिला. चिडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "कात्रे, भाऊ खोटं बोलायला लागला."

ज्याने तिला खोटं बोलल्याबद्दल आयुष्यात एकदाच मारलं होतं, तो. त्या दिवसापासून ती त्याच्याबद्दल बोलेना. पण रविवारी संध्याकाळी पॅसेजमध्ये जाऊन फोन लावायची, रिंग ऐकायची, ठेवायची, आणि तोंड धुऊन यायची. मी म्हटलं, एकदा जाऊन ये, समोर बसून काय ते भांड. म्हणाली, जो रिंग ऐकून बसून राहतो, त्याचं दार कशाला वाजवू? तिच्या ताठ मानेला मी काय करणार? तिचे आणि भाऊचे दिवस मात्र असे चालले होते, आणि त्याच्या कानांचेही.

आता गुरुजी येतात. हा काही शाळामास्तर नव्हे. ताईच्या ऑफिसातला वरचा माणूस, ज्याने तिला हे मोजणीचं काम अक्षर गिरवून घ्यावं तसं शिकवलं, म्हणून ती गुरुजी म्हणायची. गोरा, गोल, हळू बोलणारा. आमच्या घरी कितीदा तरी जेवलाय. त्याच्या दोन पँटी मी कमरेत सैल करून दिल्या आहेत. बोलण्यात साखर, चालण्यात मांजर. 'मोजणाऱ्याने आकड्याची बाजू घ्यायची, माणसाची नाही,' हे त्याचं ब्रीद, आणि ताई ते आम्हाला देववाणीसारखं ऐकवायची. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण कुणी केली माहीत नाही, पण त्याने गुरुजींना पाहिलेलं असणार.

दुपारी ताई आणि गुरुजी एकत्र डबा खायचे. भाऊचं सगळं ती त्यांना सांगायची. आमच्यापाशी तोंड मिटलं होतं, ते तिथे उघडायचं. काल पुन्हा लावला, पुन्हा नाही उचलला. गुरुजी ऐकून घ्यायचे, लोणचं पुढे सरकवायचे आणि समजूत घालायचे. जो उचलत नाही त्याला किती विनवायचं? सोडून दे. नाती अशीच सुटतात. ताई घरी येऊन सांगायची, गुरुजींशी बोललं की हलकं वाटतं. मीसुद्धा मनात म्हणायचे, बरं आहे, कुणीतरी आहे तिला.

वर्ष होत आलं आणि ताईच्या ऑफिसात मोजणीचं नवं यंत्र आलं. ते नीट चालतंय ना हे बघायला तिने जुन्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून लावल्या. त्यात एक चाचणी ती वर्षभर करत नव्हती, कारण गुरुजींनीच सांगितलं होतं, उगाच वेळ जातो, वगळ. ती अशी. मोजणारी माणसं एक नंबर मुद्दाम जवळ बाळगतात, जो जगात कुणालाच दिलेला नाही. त्याला फोन लावायचा. 'असा नंबर नाही' असा निरोप आला की समजायचं, यंत्रं खरं बोलतायत. ताईने प्रत्येक भागातला असा एकेक नंबर लावला. सगळीकडून बरोबर उत्तर आलं. भाऊच्या गावाकडच्या भागातला नंबर लावला, आणि रिंग जायला लागली.

कुणाचाच नसलेला नंबर वाजत होता. ताई कानाला लावून बसली. वाजतोय, वाजतोय. तिला वाटलं चुकीचा दाबला. पुन्हा लावला. पुन्हा वाजला. मग तिने शेवटचे आकडे मनाला येतील ते दाबले. तेही वाजले. त्या बाजूला काहीही दाबा, रिंग तयार. आणि प्रत्येक वेळी 'वाजतंय' हा निरोप बरोब्बर दोन सेकंदांनी, एक हजारांशही इकडे नाही की तिकडे नाही. खऱ्या जगातून आलेला निरोप असा कधी येत नाही, ती मला नंतर म्हणाली. खरा निरोप थोडा तरी मागेपुढे होतोच.

मग ती आपल्या मोजणीच्या तारेमागून चालत गेली. म्हणजे अक्षरशः, कपाटामागे वाकून. तिची मोजणी पूर्वी कंपनीच्या मधल्या यंत्राच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूला लावलेली असायची. वर्षापूर्वी गुरुजींनी ती अलीकडे आणवली होती. म्हणाले, बाहेरचा कचरा येतो, आतून मोज, आकडे स्वच्छ येतील. आलेच स्वच्छ. त्या आकड्यांबद्दल ताईचं कौतुकही झालं, टाळ्या पडल्या. त्या दिवशी तिने तार पुन्हा पलीकडे नेली आणि फोन लावला. पलीकडे 'बोलवा' हा निरोप जात होता आणि कुणी उत्तरच देत नव्हतं. पुन्हा जात होता, पुन्हा काही नाही. तो रस्ता मेलेला होता. आणि मधलं यंत्र दोन सेकंद वाट बघून, पलीकडून काहीच आलं नाही की स्वतःच सांगत होतं, वाजतंय. फोन करणाऱ्याच्या कानात घालायची रिंगही तेच वाजवत होतं. तो बिचारा वाट बघून ठेवणार, आणि नोंद होणार 'उचलला नाही'. कंपनीकडे बोट नाही. दोष सगळा न उचलणाऱ्याचा.

ताई त्या दिवशी लवकर घरी आली. पर्स खांद्यावरच. मी मशीनवर बसले होते. म्हणाली, "कात्रे, तुझा मोबाइल दे." मी दिला. तिने तिथेच उभ्या उभ्या नंबर दाबला. स्पीकर का लावला कुणास ठाऊक, घाईत लागला असेल. रिंग गेली. आणि लगेच उचलला.

"हॅलो," भाऊ म्हणाला.

ताईने मोबाइल तोंडाजवळ धरला. मग म्हणाली, भाऊ, मी.

"हॅलो? कोण आहे?" तो म्हणाला, फार मोठ्याने. "मला आता ऐकू येत नाही. काम असेल तर दुकानात या." ताई ओरडली, भाऊ, मी आहे, मी. "कोणी बोलत असेल तर माफ करा," म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

तिने पुन्हा लावला. त्याने पुन्हा उचलला, पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा मी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला. काय करणार होते मी? ती भिंतीशी टेकून खाली बसली आणि मोठमोठ्याने रडली. इतक्या वर्षांत तिला असं रडताना मी पाहिलेलं नव्हतं. मी पाणी आणलं, ते तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली नाही, तर संध्याकाळी गुरुजी घरी हजर. हातात फळांची पिशवी. दार मी उघडलं. तब्येतीची चौकशी करत आत आले, नेहमीच्या खुर्चीत बसले. ताई समोर येऊन उभी राहिली. मी मशीनपाशी बसले, पण पाय हलत नव्हता.

तिने सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की मी तार पलीकडे लावून बघितली. गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. मग मऊ आवाजात सुरू झालं. त्या बाजूचा रस्ता तेवढा खराब होता. मोठं गिऱ्हाईक हातचं जात होतं, त्यांना रिंग लवकर हवी होती. तात्पुरतं केलं होतं, मग तसंच राहून गेलं. इतक्या माणसांच्या नोकऱ्या होत्या, तिचीसुद्धा. ताईने ते सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं, "माझा फोन भाऊपर्यंत पोचत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

गुरुजी खिडकीकडे बघत बसले. म्हणाले, "मी एकदा तपासलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच महिन्यात. तू इतकी बोलायचीस म्हणून बघितलं. पुढे जात नव्हता." आणि वर म्हणाले, "मला वाटलं, तू कधीतरी दुसऱ्या फोनवरून लावशील. नाहीतर जाऊन येशील. तुमचं भांडण होतंच ना आधीपासून."

बघा. मूग गिळून बसला असता तर एक वेळ समजू शकले असते. माणूस भितो, नोकरीला चिकटतो, मीही चिकटले असते कदाचित. पण हा नुसता गप्प बसला नाही. रोज दुपारी समोर बसून तिचं मन हलकं करत होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. आणि कापताना लोणचं वाढत होता.

ताई म्हणाली, "तुम्ही मला सांगायचात, जो उचलत नाही त्याला सोडून दे. आणि मी सोडत आले होते." तिचा आवाज चढला नव्हता. "भाऊ खोटं बोलतो असं मी माझ्या तोंडाने म्हटलं. तुमच्यासमोर म्हटलं. तेव्हा तुम्ही मान डोलावलीत."

गुरुजी म्हणाले, रस्ता बदलून देतो, उद्याच देतो, एका दुपारचं काम आहे. हे तिला समाधान वाटावं म्हणून सांगितलं त्यांनी. एका दुपारचं काम. वर्षभर जे झालं नाही ते एका दुपारचं होतं. मग मात्र मला राहवलं नाही. मी फळांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, गुरुजी, पँट आणखी सैल करायची वेळ आली तर दुसरा शिंपी बघा. ताईने मला दटावलं नाही.

तिने पुढे काय केलं तेही सांगते, नाहीतर म्हणाल गप्प बसली. ती ऑफिसात गेली, तार पलीकडेच ठेवून सगळी मोजणी पुन्हा केली आणि ते आकडे वरपासून खालपर्यंत सगळ्यांना आणि त्या मोठ्या गिऱ्हाइकालाही पाठवले. मग राजीनामा दिला. खूप गदारोळ झाला म्हणे. गुरुजी अजून तिथेच आहेत, असं ऐकते. कंपनी तरली की बुडाली, मला काडीचं सोयरसुतक नाही.

मग आम्ही दोघी भाऊकडे गेलो. घरातल्या पुरुषांना रजा नव्हती आणि ताईला एकटीला पाठवायची माझी तयारी नव्हती. दुकानात पोचलो तेव्हा भर दुपार होती. भाऊ पाठमोरा बसून टाकीच्या कडा वळवत होता. ताईने हाक मारली, सवयीने. तो कशाला वळतोय? ती पुढे जाऊन त्याच्या समोर उभी राहिली. त्याने हातोडा खाली ठेवला, हात अंगातल्या शर्टाला पुसले, पुन्हा पुसले.

"आलीस," म्हणाला. इतक्या मोठ्याने की रस्त्यावरची दोन माणसं थबकली. स्वतःचा आवाजही त्याला कळत नव्हता.

बाकड्यावर फोन होता. त्याला भाऊने तारेने एक लाल दिवा जोडलेला होता, वाजला की पेटणारा. तोच बघून तो उचलत होता. ताईने ते पाहिलं आणि तिथला खडू घेतला, ज्याने तो पत्र्यावर मापं आखतो. कोऱ्या पत्र्यावर तिने लिहिलं, मी दर रविवारी फोन केला. माझ्याकडे रिंग वाजायची. तुझ्याकडे वाजत नव्हती. यंत्र खोटं सांगत होतं. ते माहीत असलेल्या माणसाने मला सांगितलं नाही.

भाऊने सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाला, "म्हणजे तू करत होतीस."

ताईने मान हलवली.

"मला वाटलं, कायमचं तोडलंस. तू म्हणाली होतीस ना, मीच करीन. म्हणून मी केला नाही." मग तो स्टुलावर बसला आणि पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवत बोलत राहिला. डॉक्टरने वर्ष सांगितलं होतं. उन्हाळ्यापर्यंत डाव्या कानाला धरला की फोनवर चांगलं ऐकू यायचं. त्याने ठरवलं होतं की हिचा फोन आला की हिला ठेवूच द्यायचा नाही. कानांचं सांगायचं नाही, नुसतं बोलत ठेवायचं. घरातलं, ऑफिसातलं, काहीही बोलू दे, आपण ऐकून भरून ठेवायचं. म्हणून रविवारी तो दुकान बंद करून फोनजवळ बसायचा. उन्हाळा संपल्यावर बसणं सोडलं आणि दिवा जोडला.

"आता तुझा आवाज आठवून बघतो," भाऊ म्हणाला, "तर एकच येतो. 'मला फोन करू नकोस.' शेवटचं तेवढंच ऐकलंय ना मी. त्याच्या आधीचं सगळं पुसट होत चाललंय."

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं. ताई काय लिहिणार होती? तिने खडू खाली टाकला, त्याचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागली. लहानपणचं, वेण्यांचं, शाळेच्या बाईंचं, माझं, घरातलं, भराभर, श्वास न घेता, सगळं वर्ष एका दमात. भाऊ तिच्या ओठांकडे बघत होता आणि मधे मधे हो, हो म्हणत होता. मी दारात उभी होते. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि तिलाही दिसत होतं. ती थांबली नाही.